डॉक्टरांच्या गाडीचा हब

मोबाइल बाजूला ठेवा सगळ्यांनी. झोप आली असेल त्याने आत्ताच उठावं. मध्येच उठून जाणाऱ्याला मी पुन्हा सांगत बसत नाही. आमच्या ओळखीच्या पाना मेस्त्रीच्या बाबतीत घडलंय हे, आणि तो काही थापा मारणारा माणूस नव्हे.

काम तसं साधं होतं. डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घराखालच्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडून होती, पुढून चेपलेली. आता तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याने एकच विचारलं होतं: लाकडी स्टिअरिंग बाहेरून आणून बसवलेलं दिसतंय, मग ते शाफ्टवर धरून ठेवणारा मधला हब कुठल्या गाडीचा? डॉक्टरीणबाईंनी मेस्त्रीला बोलावलं, कारण ते स्टिअरिंग त्यानेच बसवलं होतं.

"सवडीने या," बाई म्हणाल्या होत्या. सवड कुठली मिळायला? दिवसभर गाड्यांखाली लोळून मंगळवारी रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी तो पोचला. कंबरेचा काटा ढिला झालेला, डोळ्यांची नुसती आग. तसाही नऊ वर्षं तो धड झोपला नव्हता. डॉक्टर वळणावर न वळता सरळ खड्ड्यात गेले, तेव्हा सगळे म्हणाले, डुलकी लागली असणार. मेस्त्रीने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण आपलाच हब तर चुकला नसेल ना, हा भुंगा त्याचं डोकं पोखरत राहिला.

बाईंनी किल्ली दिली. "झोप अनावर झाली की गाडी चालवू नका, असं शंभरदा सांगितलं होतं मी. अजून राग येतो मला त्यांचा."

मेस्त्री मान खाली घालून गॅरेजमध्ये उतरला.

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून, मोबाइलच्या उजेडात त्याने नट सोडला आणि पुलर लावून हब ओढून काढला. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवर टेकवून ठेवलं. हबवर ना कंपनीचं नाव, ना नंबर. आतले दाते मोजले, छत्तीस भरले. शाफ्टचेही छत्तीस. त्याला जरा हायसं वाटलं. मग त्याने व्हर्नियर लावून भोकाचं बारीक माप घेतलं.

भोक केसभर मोठं होतं. हा हब याच गाडीच्या मोठ्या मॉडेलचा. नट आवळला की घट्ट बसल्यासारखा वाटतो, महिनोन्महिने चालतोही. मग एखाद्या वळणावर स्टिअरिंग फिरतं आणि चाकं फिरत नाहीत.

त्याने कागदावर मापं लिहिली.

शेजारी स्प्रिंग करकरली.

सीट दबली होती. कोणी नव्हतं. टेकवलेलं स्टिअरिंग हळूच डावीकडे फिरलं. थांबलं. पुन्हा फिरलं... घाईने... वळण हातातून सुटत असल्यासारखं.

"डॉक्टर..." तो पुटपुटला. "डुलकी नव्हती. हब... माझा होता."

स्टिअरिंग थांबलं.

कागद तिथेच टाकून, गॅरेजला कुलूप लावून तो धडपडत वर गेला. बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीवरचा डॉक्टरांचा फोटो पदराने पुसला. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मी त्यांनाच बोल लावला हो, मेस्त्री. जा आता तुम्ही."

किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात राहिली. सकाळी त्याने गॅरेज उघडलं, तर कागदावर मापांच्या खाली कोणीतरी दोन ओळी खरडल्या होत्या. त्याला ते अक्षर लागेना. तो औषधांच्या दुकानात गेला. दुकानदाराने चष्मा चढवला. कागद जवळ धरला. मग हळूच स्टुलावर बसला.

"हे डॉक्टरांचं अक्षर आहे. वीस वर्षं वाचलंय मी. वर तारीख घातलीय... कालची."

"आणि खाली?"

"'आज शांत झोपा. उद्या रात्री येऊन बघून जाईन.'"