अर्थिंगचा खड्डा

एसी बसवायचा म्हणजे भिंतीला चार भोकं पाडायची आणि प्लग खुपसायचा, असं बल्लारपुरातल्या निम्म्या लोकांना वाटतं. त्यावरून नूतनचं रोज कोणाशी ना कोणाशी वाजायचंच. नूतन वायरमन. आयटीआय केलेली, परवाना काढलेली, शिडी खांद्यावर टाकून गावभर लायनी ओढत हिंडणारी बाई, आणि तोंडाची अशी फटकळ की तिला बोलावण्याआधी लोक विचार करत. बोलवत मात्र तिलाच.

"पंख्याच्या वायरीवर एसी चालवतो म्हनते! वायर जळन, मंग घर जळन. मले काऊन बोलावलं मंग? बंबवाल्यालेच बोलाव ना सरळ."

असं सुनावायचं आणि वर काम चोख करून द्यायचं. गिऱ्हाईक हसत हसत चहा पाजायचं.

या उन्हाळ्यात काम घरचंच निघालं होतं. तिचे वडील रामाजी जन्मभर कोळसा खाणीत राबलेले. छातीत धूळ बसलेली, जिना चढले तरी धाप लागे. मागच्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं आणि ते मरता मरता वाचले. डॉक्टरने तेव्हाच बजावलं होतं, आणखी एकदा ऊन लागलं तर हा माणूस हाती लागायचा नाही, खोली थंड ठेवा. चंद्रपूरकडच्या उन्हात खोली थंड ठेवायची हे बोलायला सोपं. पत्रा तापतो, भिंत तापते, माठातलं पाणीसुद्धा कोमट होऊन बसतं.

कूलर या घरात येणं शक्य नव्हतं. नूतनची आई कूलरनेच गेली होती. लोखंडी पत्र्याचा कूलर, तिसरी, अर्थिंगची पिन तोडून टाकलेला प्लग, ओल्या हाताने टाकीत पाणी ओतायला गेली ती चिकटलीच. नूतन तेव्हा शाळेत होती. पुढे ती वायरमन झाली ती त्याच रागाने, आणि तो राग अजून उतरलेला नव्हता. "ह्या घरात बिगर अर्थिंगची एक वस्तू चालनार नाई," हे तिने धाकट्या भावाला, प्रफुलला, इतक्या वेळा ऐकवलं होतं की तो तिच्या मागे तिची नक्कल करायचा.

तर तिने एसीचं काम मनापासून केलं. मीटरपासून वेगळी लाइन ओढली, जाड तांब्याची. तिचा खटका वेगळा. त्याच्या जोडीला दुसरा एक खटका, कुठे करंट गळाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडणारा. आणि मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा. खड्ड्यात लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि लाकडी कोळसा थरावर थर भरायचा, वरून माती लोटायची, आणि उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी ओतत राहायचं. माती ओली असली की वाट चुकलेला करंट मुकाट्याने जमिनीत जातो. माणसाच्या अंगातून जात नाही.

प्रफुल खणायला लागला तेव्हा रामाजी काठी टेकत दारात आले.

"इथी नको खंदा रे. इथी खाली पोकळ हाय."

ते खोटं नव्हतं. वस्तीच्या खालून जुन्या खाणीचे बोगदे गेलेले होते. खाण बंद होऊन जमाना झाला, तोंडाशी भिंत घातलेली, पण पावसाळ्यात अजूनही कोणाच्या ना कोणाच्या अंगणात जमीन खचायची.

"बाबा, पाइप मानूसभर बी खोल जात नाई," नूतन म्हणाली. "खान कुठी, पाइप कुठी. तुमी आत बसा, ऊन लागन."

वायर कमी पडली म्हणून ती चंद्रपूरला गेली. परत येईपर्यंत प्रफुलने खड्डा भरून, माती चोपून ठेवली होती. तिने जोडणी तपासली. सगळं उत्तम. त्या दुपारी एसी सुरू झाला आणि रामाजी उघड्या अंगावर गार वारा घेत लहान पोरासारखे हसले, मग संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. नूतन दारात उभी राहून त्यांचा श्वास मोजत होती. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाण्याची गोष्ट तिच्या ध्यानात दोन-चार दिवसांनी आली. खड्ड्यात बादली ओतली की पाणी क्षणात नाहीसं व्हायचं. दुसरी ओतली, तीही गेली. वरची माती मात्र कोरडीच. वाळलेली जमीन पाणी पिते, त्यात काय एवढं, म्हणून तिने सोडून दिलं. मग शेजारच्या शकिलाच्या कोंबड्या भर दुपारी, सावली सोडून, त्या खड्ड्याभोवती येऊन बसायला लागल्या. नूतनने हात लावून पाहिला. बाकीचं अंगण तव्यासारखं पोळत होतं आणि खड्ड्याची माती गारढोण.

ओली माती थंडच असते, तिने स्वतःला सांगितलं. पण हाताला ओल लागली नव्हती.

नंतर खटका पडू लागला.

नेमका दुपारी, ऊन भरात आलं की. वर केला की पडायचा. नूतनने सगळी लाइन उलटी-सुलटी तपासली, एसी उघडून पाहिला, प्लग बदलला. कुठेही गळती नाही. शेवटी तिने अर्थची वायर सोडवली, आणि खटका टिकला. वायर जोडली, पडला. म्हणजे गळती घरातून जमिनीत जात नव्हती. जमिनीतून घरात येत होती.

तिने करंट मोजायचा चिमट्याचा मीटर त्या वायरीला लावला. आकडा चढला, पडला. चढला, पडला. चढला, पडला. मग गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, तीनदा.

"कोनाच्या तरी मोटरचा करंट हाय हा," ती पुटपुटली आणि उठून गल्लीतली घरं धुंडाळायला निघाली. तेवढ्यात वीज गेली. अख्ख्या वस्तीची. पंखे थांबले, शकिलाचा मिक्सर थांबला, लांबच्या कांडप गिरणीचा आवाजही बंद पडला. नूतन खड्ड्यापाशी परत आली आणि मीटरकडे पाहत बसली.

आकडा चढला, पडला. चढला, पडला. चढला, पडला.

तिच्या मानेवरचा घाम थंड झाला. एखादी गोष्ट समजली नाही की तिला भीती वाटण्याआधी संताप यायचा.

रामाजी कधी मागे येऊन उभे राहिले तिला कळलं नाही. ते वाकले, पाइपच्या उघड्या टोकावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"तीन घंट्या," ते म्हणाले. "मान्सं वर यायची हायेत."

ते खाणीच्या तोंडाशी, माणसं वर-खाली करणाऱ्या इंजिनावर कामाला होते. खालून घंटीची खूण यायची, तशी दोरी ओढायची. दोन घंट्या म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे माणसं वर यायची आहेत.

"बाबा, खान बंद हाय."

"खान बंद हाय, मले ठाऊक हाय. मान्साइचं तुले कोनं सांगतलं?"

नूतनने त्यांचा तळवा पाइपवरून काढला. वडिलांना धरून आत नेलं.

गोष्ट गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. शकिला कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "नूतनबाई, हे बराबर दिसत नाई. माझे मामू हायेत राजुऱ्याले, पानी फुंकून देतात. बोलावू का?" प्रफुलचं म्हणणं, एक नारळ फोडून मोकळं व्हावं, आपलं काय जातं.

"आपल्या घरात नारळ फुटत नाई," नूतन ताडकन म्हणाली. "आजोबाइनं दीक्षा घेतली तवापासून फुटला नाई. आता एका पाइपासाठी फुटनार व्हय? करंट हाय तो. आज समजत नाई, उद्या समजन."

आणि मग तो दिवस उगवला. सकाळपासूनच हवा अशी तापली होती की श्वास घेतला की नाक भाजायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जेवणं उरकायच्या आत खटका पडला. नूतनने वर केला, पडला. वर केला, पडला. खोली भट्टी होत गेली. ओल्या चादरी अंगावर टाकताटाकता वाळत होत्या. रामाजींचं अंग चटका बसण्याइतकं तापलं, घाम येणं थांबलं, आणि ते तोंडातल्या तोंडात बोलू लागले. दवाखान्यात न्यायचं तर ऑटोत घालून या उन्हातून न्यायचं, म्हणजे वाटेतच खेळ आटोपला असता.

प्रफुल पक्कड घेऊन आला. "ताई, अर्थ तोडतो मी. एसी चालते ना मंग? सगळ्या गावाचं तसंच चालून राह्यलं."

"आईचं बी तसंच चालत होतं! हात लावशीन तं पक्कड तुयाच डोक्यात घालीन."

"बाबा मरून राह्यले ताई!"

"मले दिसत नाई का?" ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला.  मग प्रफुलने मान खाली घातली.

"ताई, तो कोळसा... मी लाकडाचा आनलाच नाई. कोळशाच्या गावात कोळसा इकत घेते का कोनी? जुन्या खानीच्या तोंडापाशी पडला होता, तो पोतं भरून आनला."

एरवी नूतनने त्याची सालटी काढली असती. खाणीतला दगडी कोळसा अर्थिंगला चालत नाही हे शेंबडं पोर सांगेल. पण ती बोलली नाही. सब्बल, खणायची लोखंडी पहार, उचलली, अंगणात धावली आणि तो कोळसा उकरायला मातीत घातली.

सब्बल आत गेली. गेली ती जातच राहिली, नूतनची मूठ जमिनीला टेकेपर्यंत. कोळसा नव्हता. मीठ नव्हतं. खाली काहीच नव्हतं. तिने सब्बल उपसली तशी त्या भोकातून गार हवा वर आली, ओल्या लाकडांचा आणि सुरुंगाच्या जुन्या दारूचा वास असलेली.

आणि पाइप वाजला. आता मीटर लागत नव्हता. कानाला ऐकू येत होतं.

टण. टण. टण.

नूतन वळली आणि घरात आली. रामाजींच्या कानाशी वाकली.

"बाबा. ऐका. थांबा म्हनायले किती?"

त्यांनी मोठ्या कष्टाने डोळे उघडले. "एक."

"एकच?"

"एक ठोका. पन नूतन..." त्यांनी तिचं मनगट धरलं. "मंग ते जिथं असतीन तिथंच थांबतीन. वर नाई, खाली नाई. असं नाई करत कोनी मान्साइले."

"थांबू द्या," नूतन म्हणाली. "कोनी बी असू द्या. माया बापापेक्षा मोठा नाई."

ती अंगणात आली. मोठा पाना उचलला. भीती वाटत होती, पण त्याहून मोठा होता तो राग, आईच्या वेळचा. तिने पाना दोन्ही हातांनी धरून पाइपवर हाणला.

एकदाच.

आवाज खाली गेला. बराच वेळ जात राहिला. मग सगळं निपचित झालं. तिने मीटर लावला. शून्य. आकडा हलला नाही.

प्रफुलने आत खटका वर केला. टिकला. एसीने घरघर केली आणि वारा सोडला.

नूतन दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली, पाना मांडीवर. खोली हळूहळू निवली. रामाजींच्या कपाळावर घामाचे थेंब फुटले, घाम आला, घाम! प्रफुल हुंदका देऊन रडला आणि शकिलाकडे बर्फ आणायला पळाला. नूतनला हसूही येत होतं आणि रडूही. जिंकलो, तिला वाटलं. कोणाची भीक मागितली नाही, वायर तोडली नाही, आणि माणूस वाचवला.

"नूतन," रामाजी अर्धवट झोपेत म्हणाले. "घंटी परत आली का? ऐकलं हे सांगाले खालचे तितक्याच घंट्या परत वाजवतेत."

"नाई आली. झोपा तुमी."

ते कुशीवर वळले. दोन्ही हात गालाखाली घेतले. श्वास संथ झाला.

तेव्हा ठोका आला.

एकच. टण.

नूतनने अंगणाकडे पाहिलं. पाइप उन्हात गप्प उभा होता. आवाज तिकडून आलाच नव्हता.

आवाज पलंगाच्या लोखंडी दांडीचा होता. पायथ्याकडच्या.

जिथं असतीन तिथंच. तिने थांबवलं तेव्हा ते वर पोचलेले होते.

ती उठली. पाना घट्ट धरला. दारातच उभी राहिली, दार सोडलं नाही.

"आले तं आले," ती म्हणाली. तिने आवाज खाली पडू दिला नाही. "बसा. पन ह्या मान्साले हात लावायचा नाई. मी इथीच हाय."

 एसीचा वारा तेवढा चालू होता.

पलंगाच्या पायथ्याशी नवारीची पट्टी हळूच खाली दबली. आणि रामाजींनी झोपेतच, डोळे न उघडता, पाय आखडून घेतले आणि जागा करून दिली.