कढईतला शेवटचा जिन्नस

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या उन्हात आला होता. दिवसभर शाळेत कोरड्या घशाने शास्त्र शिकवून मी राजिवड्यात घरी परतायचे तेव्हा अंगात त्राण नसायचं. चपला काढल्या की थेट चुलीपुढे. इफ्तारच्या आधी कालवण, भात, भजी झाली पाहिजेत, आणि घरात आम्ही फक्त तिघी बायका. मी, माझी सासू, जिला सगळा मोहल्ला मां म्हणतो, आणि माझी धाकटी जाऊ झरीन. माझा नवरा कमाल कुवेतला होता. झरीनचा नवरा कैफ दुबईच्या एका मालवाहू जहाजावर होता, आणि ते जहाज पावसाळ्यात वादळात बुडालं होतं.

प्रेत मिळालं नाही. एजंटाचा फोन आला, मशिदीत गायबाना जनाज्याची, म्हणजे प्रेताविना पढायची, नमाज झाली आणि झरीन इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईने काही महिने घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ही आमची रीत. पोरीचं वय काय, तर चोवीस. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. मी तिला रडताना एकदाच पाहिलं. त्यानंतर ती माजघरातल्या कॉम्प्युटरसमोर जी बसली ती बसलीच.

कॉम्प्युटर कैफनेच मागच्या सुट्टीत आणला होता, सोबत एका खेळाची सीडी. खेळ जादूटोण्याचा. एक मोठं बेट, त्यात जंगलं, दलदली, गुहा. आपला माणूस पाठीला झोळी लावून भटकतो, मुळ्या, बुरशी, पिसं गोळा करतो आणि कढईत शिजवून मंत्र तयार करतो. कृती कुणी सांगत नाही. हे त्यात घाल, ते ह्यात घाल, जमलं तर जमलं, नाहीतर धूर. कैफ सुट्टीभर त्यालाच चिकटला होता. झरीन चिडून म्हणायची, "भाभी, ही माझी सवत आणलीय बघा घरात!" आणि तो हसत हसत म्हणायचा, एकच कृती राहिलीय, हरवलेल्याला घरी आणण्याची. जहाजावर सगळे खेळतात, कुणालाच ती जमली नाही. तेवढी मिळाली की सोडतो.

ती मिळायच्या आधी सुट्टी संपली. त्याने खेळ जिथे थांबवला होता तिथून झरीनने तो पुढे सुरू केला.

बाहेर जाता येत नाही, निदान त्या बेटावर तरी फिरू दे पोरीला, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी मासे साफ करत होते, तर ती आतून म्हणाली, "भाभी, आज आंबट सापडलं."

"काय सापडलं?"

"आंबटपणा. गुहेत एका शेंगेत होता. त्या कृतीतला पहिला जिन्नस."

मी म्हटलं, बरं. बांगड्याच्या कालवणात कोकमाचं आगळ ओतलं, उकळी आणली. रमजानात चाखून बघता येत नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं काहीजण म्हणतात, पण मांला ते खपत नाही, त्यामुळे आमच्या घरात हाताच्या अंदाजावरच सगळं चालतं. अजान झाली, खजूर तोंडात टाकला, जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला मां म्हणाली, "सुरय्या, आगळ टाकायला विसरलीस काय गो?"

मीही चाखलं. मीठ होतं, तिखट होतं, नारळ होता. आंबट नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुप्पट आगळ ओतलं. तेच. तिसऱ्या दिवशी बाटलीच बदलली. उपासाने हात बिघडलाय म्हणून मी स्वतःलाच बोल लावत राहिले. शेवटी एकदा इफ्तारनंतर अख्खं लिंबू चोखलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नुसतं थंड पाणी.

माझा पिंड शास्त्राचा. आगळ मुळात लाल, त्याने काही कळणार नाही, म्हणून शाळेतून निळा लिटमस आणला आणि लिंबाच्या रसात बुडवला. लालभडक झाला. म्हणजे आम्ल जागच्या जागी होतं. तेच लिंबू शेजारच्या यमुनाबाईंना दिलं. त्यांनी एक डोळा घट्ट मिटला. "अगो बाय, दात आंबले माझे! कुठनं आणलंस ह्या?"

लिंबात काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते आमच्या तिघींत.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ बघितली, घसा बघितला आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानेइतबारे घेतल्याही.

मग एका दुपारी शाळेतून आले, तर झरीनच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू. "भाभी, दुसरा मिळाला. दलदलीत शंखात होता. लाटांचा आवाज."

मी ओट्यावर गेले. आमच्या ओट्यावरून खाडीचं तोंड दिसतं, पलीकडे भाट्याची वाळू. ओहोटी संपून भरती लागली होती. पांढऱ्या लाटा एकामागून एक येत होत्या, फुटत होत्या, परत जात होत्या. आवाज नव्हता. रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. कावळे ऐकू येत होते. यमुनाबाई कुंपणापलीकडे सुकट वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "काय गाज हाय आज! कान किटले."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

आत जाऊन मी सरळ कॉम्प्युटरच्या वायरीला हात घातला. झरीनने माझं मनगट धरलं. तिची पकड एवढी घट्ट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"भाभी, तुम्ही शाळेत जाता, बाजारात जाता. मी कुठं जाऊ? तो पाण्यात हाय. त्याला कोण आणणार?"

"झरीन, हा खेळ आहे. कुणीतरी ऑफिसात बसून बनवलेला खेळ. माणसं अशी परत येत नाहीत गो."

"मग आंबट कुठं गेलं?"

मी मांकडे बघितलं. वाटलं, ती तरी ओरडेल, हे हराम आहे म्हणेल. मां नमाजाच्या चटईवर बसली होती. तिने हातातली जपाची तसबीह खाली ठेवली.

"घेऊ दे तिला," मां म्हणाली. "माझी जीभ घे, कान घे, डोळे घे. म्हातारीला कशाला पायजेत? माझा पोर आण."

आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी वायर सोडली.

तिसरा जिन्नस वास होता. कैफचा एक शर्ट झरीनने न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. रोज एकदा पिशवी उघडायची, तोंड खुपसायची, परत गाठ मारायची. त्या दिवशी तिने पिशवी उघडली आणि तशीच बसून राहिली. मग शर्ट धुतला, दोरीवर वाळत घातला आणि परत खेळायला बसली.

शाळेत मुलांना मी ज्ञानेंद्रियं शिकवत होते. फळ्यावर जिभेचं चित्र काढलं आणि आंबट कुठे लागतं ते खडूने दाखवलं.

ईदला थोडेच दिवस उरले असताना तिने मला हाक मारली. पडद्यावर एक उंच कडा होता, कड्याच्या टोकावर छोटंसं पांढरं फूल. खाली इंग्रजीत दोन ओळी. मी वाचल्या. ज्याने माणूस आपल्या माणसाला ओळखतो, ते यात आहे.

"हा शेवटचा," झरीन म्हणाली.

"ह्याला हात लावू नकोस." माझा आवाज मलाच परका वाटला. "ऐक माझं. बाकीचं गेलं ते गेलं. हे देऊ नकोस."

"भाभी!" ती चक्क हसली. "तो दारात उभा राहिला की मी ओळखणार नाय काय? लग्नाची बायको हाय मी त्याची. नुसता खोकला तरी कळेल मला. एक फूल माझ्याकडनं काय नेणार?"

मी तिच्या हातातला माऊस काढून घेतला असता. हात पुढे केलाही होता. पण मागे मां उभी होती, ती म्हणाली, "खूड."

झरीनने फूल खुडलं. कढईत टाकलं. पडद्यावर धूर झाला नाही. कढई रिकामी दिसली, एवढंच. अजान झाली आणि आम्ही रोजा सोडायला उठलो.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. माझा जीव भांड्यात पडला. ईद झाली. शिरखुर्म्याला वास नव्हता, पण गोड लागला. झरीन मात्र खचली. काहीतरी चुकलं म्हणाली. एखादा जिन्नस कमी पडला असणार म्हणाली. आणि पहिल्यापासून शोधायला लागली.

रविवार होता. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. मी तांदूळ निवडत बसले होते.

फाटक वाजलं.

एक माणूस आत आला. उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. मला बघून त्याचे ओठ थरथरायला लागले.

"भाभी," तो म्हणाला.

मी डोक्यावर पदर घेतला. "कोण पाहिजे आपल्याला?"

तो थांबला. मागून यमुनाबाईंच्या हातातली परात खणकन पडली. त्या कुंपणाच्या भोकातून धावत आल्या, त्याच्या गळ्यात पडल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवत ओरडल्या, "अगो सुरय्या, कैफ! कैफ आला गो! बघतंस काय नुसती!"

मी बघतच होते. खूप बघितलं.

मला तो माणूस ठाऊक नव्हता.

गलका ऐकून मां दारात आली. तो तिच्या पायाशी बसला, तिचे गुडघे धरून रडला. मांने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कुठल्याही दुःखी माणसाच्या डोक्यावर ठेवते तसा. "अल्ला बरं करील बाबा," ती म्हणाली. "घर कुठं तुझं?"

आतून झरीनचा आवाज आला. "भाभी, कोण आहेत? सांगा त्यांना, घरात पुरुष नाहीत. नंतर या."

त्या आवाजासरशी तो उठला आणि दाराकडे गेला. तो खोकला, मुद्दाम, तिला ऐकू जाईल असा. झरीनने आतून पडदा ओढून घेतला.

त्याची कहाणी खरी आहे. एका ओमानी मचव्याने त्याला उचललं, कागदपत्रांवाचून तो तिथल्या दवाखान्यात पडून होता. मौलवींनी त्याला ओळखलं. सगळ्या राजिवड्याने ओळखलं. कमाल कुवेतहून फोनवर त्याच्याशी बोलला आणि लहान पोरासारखा रडला. मी लग्नाचा फोटो घेऊन त्याच्या शेजारी धरला. हनुवटीवरचा तीळ जुळतो. कान जुळतात. पुढचा वाकडा दात जुळतो. म्हणून मी मान्य केलं, हा कैफच आहे. गणित मान्य करावं तसं. फोटो खाली ठेवून पुन्हा वर बघितलं की समोर परका माणूस.

झरीनला मी फोटो दाखवला, मौलवींचं म्हणणं सांगितलं, पाया पडले. तिने पडद्याच्या फटीतून एकदा नीट बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बिचारा. पण भाभी, हा तो नाय."

तो गेला नाही. जाणार कुठे? यमुनाबाईंच्या पडवीत झोपतो आणि दिवसभर आमच्या ओट्यावर, माजघराच्या खिडकीखाली बसून असतो. मां त्याला पाहुण्याच्या पेल्यातून चहा देते. खिडकीला पडदा आहे. आत झरीन खेळत असते. खेळाच्या आवाजावरून त्याला कळतं ती बेटावर कुठे पोहोचली ते.

काल ती दलदलीत अडकली होती. बराच वेळ वाट सापडेना, तेव्हा रडवेली होऊन स्वतःशीच पुटपुटली. बाहेरून तो म्हणाला, "उजवीकडं जाऊ नको. पडक्या पुलाखालनं वाट हाय. मला पण तिथंच मिळालेली."

आत माऊसचा आवाज. मग झरीन, मनापासून, अदबीने:

"शुक्रिया, भाईजान."