डाव्या बाजूचा काटा

परभणीत गंगाखेड रोडला मल्लिकार्जुन मिस्त्रींचं गॅरेज आहे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. साठीला टेकलेला माणूस; कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि खिशात कायम हवा मोजायचं मीटर. पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत, पण गाडीच्या बाबतीत देवाचंही ऐकायचे नाहीत. "मीटर खोटं बोलत न्हाई, खोटं बोलतो तो डायवर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या मंगळवारी सकाळी पेडगावचा रायभान आपली बस घेऊन आला. बस पंधरा वर्षांची, कुण्या ट्रॅव्हल्सवाल्यानं काढून टाकलेली. लग्नाची वऱ्हाडं आणि शाळांच्या सहली यांवर त्याचं घर चालायचं. या बसला मागं लोखंडी पाट्यांऐवजी हवेचे बलून होते, म्हणजे डावीउजवीकडं रबराच्या दोन जाड पिशव्या. दोन्ही इतक्या विरल्या होत्या की बस दमलेल्या म्हशीसारखी मागून बसत बसतच आत शिरली.

"वरीस झालं तुला सांगून, बलून बदल म्हणून," अप्पा म्हणाले. "आता आली व्हय अक्कल?"

एरवी रायभाननं दात काढले असते. आज तो खाली बघत राहिला.

"मायीसाठीच बदलायचे होते, अप्पा. तिच्या कमरेला दणके सोसत नव्हते. बलून बदलले की राणीसावरगावला कस्तुरामावशीकडं नेतो म्हणलो होतो. आज करू, उद्या करू..."

त्याची माय भिवराबाई जाऊन दीड महिना झाला होता. अप्पांनी जीभ चावली आणि ते जॅक आणायला वळले.

दुपारपर्यंत काम झालं. जुन्या पिशव्या निघाल्या, नव्या बसल्या, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. एक बुडबुडा निघाला नाही. या बसचं एक बरं असतं. माणूस चढला की खालचा व्हॉल्व्ह आपोआप हवा आत घेतो, उतरला की 'फुस्स' करून सोडतो. भार कमीजास्त झाला तरी गाडी एका पातळीत राहते, फक्त पिशवीतली हवा बदलते. ती बघायला अप्पांनी दोन मीटरं जोडली आणि त्यांच्या नळ्या फरशीच्या झाकणातून वर घेऊन ती मागच्या दांडीला टांगली. रिकाम्या गाडीत दोन्ही काटे सारखे पाहिजेत.

डावा काटा हवेच्या दाबाचे दोन पौंड जास्त दाखवत होता.

अप्पांनी मीटरं अदलून बदलून लावली. व्हॉल्व्ह खोलला, पुसला, परत बसवला. दोन पौंड तसेच. मग शेजारच्या आडत दुकानातून त्यांनी सोयाबीनचा एक अर्धवट कट्टा मागवला, चाळीसेक किलोचा, आणि उजवीकडच्या मागच्या सीटवर ठेवला. खाली व्हॉल्व्हनं हवा ओढली. दोन्ही काटे बरोबरीला आले.

कट्टा उतरवला. फुस्स. परत दोन पौंड.

"गाडीत काही ठेवलंय का रे तू?" अप्पांनी विचारलं. ठेवलं असतं तर दिसलं असतं, हे त्यांनाही कळत होतं.

रायभान आत आला. डावीकडच्या शेवटच्या खिडकीच्या सीटपाशी तो थांबला, पण बसला नाही.

"माय इथंच बसणार म्हणली होती," तो हळू म्हणाला. "मी म्हणलं, पुढं बस, मागं दणके बसतेत. तर म्हणली, जलमभर मेंढरामागं चालले मी. पुढं बसलं तर मागं कोण राहिलं ते कसं कळंल?"

अप्पांना त्याची फार कीव आली. ते म्हणाले, "नव्या रबराला लांबचा रस्ता दाखवावा लागतो. उद्या सकाळी चल, राणीसावरगावला जाऊन येऊ. मी मीटर बघत बसतो."

दुसऱ्या दिवशी ते मागच्या बाजूला बरोबर मधोमध उभे राहिले, आपलं वजन कुठल्याच काट्यावर येऊ नये म्हणून. बस लोण्यासारखी चालली होती. काटा हलत नव्हता. डावीकडं दोन पौंड, म्हणजे दोन पौंड.

गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर रायभाननं गाडी हळू केली आणि खिडकीतून नदीत नाणं टाकलं. त्याच क्षणी डावा काटा जरासा वर सरकला, उजवा तेवढाच खाली आला. पूल संपला तसे दोन्ही जागेवर आले. बसलेलं माणूस खिडकीकडं झुकलं की काटे असेच हलतात. अप्पांनी तीस वर्षांत शंभरदा बघितलं होतं. त्यांनी सीटकडं बघायचं टाळलं.

राणीसावरगावात मावशीच्या दारापुढं बस थांबली. रायभाननं दार उघडलं आणि कान देऊन थांबला. बराच वेळ थांबला.

खालून 'फुस्स' आवाज आला नाही.

"उतरली न्हाई," तो म्हणाला.

कस्तुराबाई दोन वर्षांपासून खाटेवर होती, खुब्याचं हाड मोडल्यापासून. बहीण गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी तग धरणार नाही, या भीतीनं सुनेनं, बबितानं, ते दडवून ठेवलं होतं.

"एकलाच आलास?" म्हातारीनं रायभानचा हात धरला. "भिवरा कुठाय?"

बबितानं मागून डोळ्यांनी खुणावलं. रायभाननं दाराबाहेरच्या बसकडं बोट केलं.

"गाडीत बसलीय, मावशी. पाय भरून आलेत. उतरवत न्हाई म्हणली."

हे खोटं की खरं, अप्पांना ठरवता येईना.

"मग तिला म्हणावं थांब जरा," म्हातारी उजळ तोंडानं म्हणाली. "लुगडं बदलून मीच येते. लय दिस झाले भेटून."

तिचं मन राखायला बबितानं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून उशाशी दिलं. म्हातारी त्यावर हात फिरवत राहिली आणि फिरवता फिरवता झोपली. चहा घेऊन हे दोघं पाय न वाजवता उठले.

"लय दिसांनी अशी शांत झोपल्यात बगा," उंबऱ्यात येऊन बबिता म्हणाली. "तुमी आलात, बरं झालं."

अप्पा बसमध्ये चढले, मधोमध उभे राहिले. डावीकडं दोन पौंड. रायभाननं इंजिन सुरू केलं. दार अजून उघडंच होतं.

फरशीखाली व्हॉल्व्हनं हवा ओढली.

डावा काटा सरकायला लागला. तीन. साडेतीन.

उजव्यापेक्षा चार पौंड वर येऊन थांबला.

अप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. उंबऱ्यात बबिता एकटी उभी होती.

"अप्पा," पुढून रायभाननं आरशात बघत विचारलं, "किती दाखवायलंय वो? हाय ना माय?"

अप्पांनी मीटरच्या काचेवर तळहात ठेवला. काच गार होती.

"हाय. दोनच दाखवायलंय," ते म्हणाले. "दार लाव. आन् हळू चालव, खड्ड्यात घालू नको."

दार लागलं. बस हलली तशी बबितानं हसून हात केला आणि सासूच्या अंगावर पांघरूण घालायला आत वळली.