बेअरिंगमधले सात ठोके

जर्मनीत, उल्मच्या कारखान्यात मी पंप तपासायचो. तेल दाबणारे पंप. आत सात दट्टे, आणि त्यांचा सगळा भार पेलणारं एक बेअरिंग. पंप चालू करायचा, लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. चांगलं बेअरिंग एका सुरात गुणगुणतं.

त्या मंगळवारी एका नव्या पंपात ठोके ऐकू आले. सात ठोके, मग खंड. पुन्हा सात.

सात दट्टे म्हणून सात ठोके, असं मी आधी धरलं. पण चालत्या पंपात ते इतके भरभर पडतात की मोजता येत नाहीत. हे मोजता येत होते.

बेअरिंग काढलं. कुठे ओरखडाही नव्हता. दुसरं बसवलं. तेच.

पंप बंद केला. ठोके चालूच.

आमचा मुकादम ऑयगेन हसत आला. "यशार, सकाळी सकाळी काय प्यायलास रे?" त्याने दांडी कानाला लावली, आणि बराच वेळ लावूनच उभा राहिला. परत देताना हात डगल्याला पुसला.

"तेल खाली बसतंय. सही कर, ट्रक थांबलाय."

मी सही केली नाही. जर्मनीला येण्याआधी मी तुर्कस्तानात, झोंगुल्दाकच्या कोळसा खाणीत होतो. तिथे दरड कोसळून अडकलेली माणसं पाइपवर ठोकतात. जितके जिवंत, तितके ठोके.

माझा धाकटा भाऊ दुर्सुन अजून त्याच खाणीत होता. पोस्टात जाऊन त्याला फोन लावला.

"सगळं ठीक आहे, दादा. उद्या आम्ही सात जण नव्या बोगद्यात उतरतोय."

"तू उतरू नकोस."

"का? तुझ्या पंपाने सांगितलं वाटतं?"

"आईच्या कबरीची शपथ आहे तुला."

तो म्हणाला, "शिव्या खायला लावणार तू मला."

बुधवारी दुपारी खाणीवरून त्याचाच फोन कारखान्यात आला. बोगदा बसला होता. खाली सहा जण होते; सहाही जिवंत निघाले.



"पण दादा, पाइपवर सात ठोके येत होते. आम्हाला वाटलं, घाबरून चुकताहेत."

"असेल."

"आता सगळे वर आहेत. हजेरी दोनदा झाली. तरी एक ठोका येतोय."

"येऊ दे. तू घरी जा."

"कुणी ठोकत असेल तर उतरायचं असतं, दादा. तूच शिकवलंस. बाकी कुणी तयार नाही. मी एकटा जातो."

मी ओरडलो. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग लोखंडी जिन्यावरून उतरणारे बूट.

दोन माणसांचे.