थांब ताई, मी आत आहे

टेकडीवरच्या उपग्रह-ठाण्याच्या उंबऱ्याशी आलं की लाविनिया शेवटचं पाऊल मुद्दाम आपटायची. तिचं वजन पाहता आपटायची गरज नव्हती, पण रीत ती रीत.

"थांब ताई, मी आत आहे," आतून लिसिआते म्हणायचा.

मग ती डबा उंबऱ्यावर ठेवून दाराकडे पाठ करून पायरीवर बसायची. भावाला मिसरूड फुटल्यापासून दोघं एका छपराखाली आली नव्हती. व्हावाउ बेटावर भाऊ आत असला की बहीण बाहेर; एवढा बहिणीचा मान. आणि लाविनियाला आपला मान फार प्यारा.

लिसिआते बेटावरचा पहिला उपग्रहवाला इंजिनियर. शिष्यवृत्तीवर सुव्हाला गेला, तिथून वेलिंग्टनला, आणि परतला तो जहाजातून भलीमोठी लोखंडी छत्री घेऊन. टेकडीवर ती आकाशाकडे तोंड करून बसवली. ऑकलंडला गेलेल्या पोरांचे आवाज बायकांनी ऐकले, त्या दिवशी गावानं त्याच्यासाठी डुक्कर भाजलं. त्यानंच जोडून दिलेल्या फोनवर ऑकलंडशी बोलता बोलता त्याची बायको ऑकलंडलाच निघून गेली. तो राहिला. छत्रीचं तोंड जरा हललं तर बेट मुकं होईल, म्हणायचा.

पुढे समुद्राच्या तळातून केबल आली. छत्रीवरून बोलणारं कुणी उरलं नाही. उरला तो एकटा. दुपारच्या चाचणीला फोनमध्ये आपलंच नाव सांगायचा. आवाज उपग्रहापर्यंत जायचा आणि टाळी वाजते न वाजते तोच कानात परत यायचा. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच, आणि पायरीवरची बहीण.

एका दुपारी तो म्हणाला, "ताई, आवाज उशिरा येतोय."

"तुझ्यासारखाच म्हातारा झाला असेल."

"उपग्रह जागचा हलत नाही गं. मग उशीर कशाचा?"

"वाटेत कुणी गप्पा मारायला भेटलं असेल. तुला नाही भेटत, त्याला तरी भेटू दे."

तो हसला नाही. एरवी हसायचा.

मग डबे तसेच परत यायला लागले. अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, बोट न लावलेलं. लाविनियानं आपल्या घराशेजारी त्याच्यासाठी नवी खोली बांधून घेतली, चटया स्वतः विणल्या.

"रविवारी चर्चमधून परत इकडं चढायचं नाही. खाली राहायचं, माणसांत."

आत खुर्ची करकरली. मग, "आवाजाच्या मागे माणसं असतात, ताई. भांडी वाजतात. मला कुणीतरी जेवायला हाक मारतं."

"मी रोज मारते, ती नाही ऐकू येत!"

"तू बाहेरून मारतेस. ती आतून मारते."

लाविनियानं मागे वळून पाहिलं नाही. फक्त कमरेला मानाची म्हणून गुंडाळलेली चटई घट्ट आवळली.

राजधानीतून माणसं आली, तारा कापल्या, छत्री उतरवली. ती गवतात पालथी पडली आणि कोंबड्या तिच्या सावलीत जाऊन बसल्या.

"आता तरी चल," लाविनिया पायरीवरून म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला, म्हणून ती लगेच खेकसली, "मला भाऊ हवाय. दारामागचा आवाज नकोय!"

"छत्री गेली, पण आवाज येतोच आहे." मग हळूच, "तिथं सगळे एका पंगतीत बसतात, ताई. भाऊबहिणीसुद्धा."

"शोभत नाही," ती म्हणाली आणि उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाऊल आपटलं.

आतून काही नाही.

पुन्हा आपटलं. त्याच्या चपला उंबऱ्याशी होत्या. कालचा डबा तिथंच, झाकणावर मुंग्या.

भाऊ आत नसेल तरच बहिणीनं आत जायचं. लाविनिया इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत गेली.

एक खुर्ची. भिंतीतून लोंबणाऱ्या तारांची कापलेली टोकं. मागे दुसरं दार नव्हतं. टेबलावर फोनचा रिसीव्हर आडवा पडला होता, आणि खुर्ची अजून उबदार होती.

तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"लिसिआते?"

काही नाही. तिनं वाट पाहिली. बाहेर कोंबड्या गप्प झाल्या.

मग लांबून भांडी वाजली. कुणीतरी हसलं. आणि अगदी कानाशी, नेहमीसारखाच:

"थांब ताई, मी आत आहे."

लाविनियाचे पाय आपोआप मागे सरले. रीत अंगात मुरलेली. रिसीव्हर ठेवता ठेवता तिला ऐकू आलं, त्याच्या शेजारून एक बाई तोंडात घास असताना विचारत होती,

"कोण आलंय रे बाहेर?"

तो आवाज ओळखायला लाविनियाला वेळ लागला नाही. जन्मभर तिनं तोच वापरला होता.