दलदलीतली तिसरी फेरी

घरची म्हातारी थोरली त्या सकाळी दलदलीत निघाली ती एक गोष्ट सापडू नये म्हणून!

घरामागे तिची जमीन आणि जमिनीमागे थेट तळ्यापर्यंत पसरलेली दलदल. त्या जमिनीवर दोन मजली घर बांधायचं, खाली धाकटा मुलगा, वर मोठा, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. तीन खोल्यांत दोन सुना आणि पाच नातवंडं. रोज भांड्याला भांडं लागायचं. मोठा मुलगा गवंडी. दुसऱ्यांची घरं त्यानं उभी केली आणि स्वतःला पाय पसरायला कोपरा नाही. "बांधायची परवानगी आली नाही तर सोमवारी बिऱ्हाड हलवतो," असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. थोरलीचा संसार फुटायच्या बेताला आला होता, आणि कशापायी? तर कासवापायी!

या पाण्यातली ठिपक्यांची कासवं म्हणे जगातून संपत चालली होती. सरकारी कचेरीचा नियम असा, की बांधायच्या आधी तीन वेळा कासव शोधायचं. तिन्ही फेऱ्यांत मागमूस लागला नाही तर खुशाल बांधा. लागला तर बसा हात बांधून. दोन फेऱ्या कोऱ्या गेल्या होत्या.

"म्हणजे शोधायचं, पण सापडायचं नाही?" थोरली म्हणाली. "हे कसलं गं शोधणं? माझं डोकंच चालेना."

"नियम आहे, आजी," कचेरीची पोरगी म्हणाली. जाड चष्म्यातून ती सदानकदा चिखलच बघायची. थोरली तिला कासववाली म्हणायची, तेही प्रेमानं नव्हे.

पुढे कचेरीचा मोजणीवाला, मग कासववाली, तिच्यामागे गवंडी, शेवटी काठी टेकत थोरली.

"तू कशाला येतेस, आई?"

"तुम्हा तिघांना मोकळं सोडलं तर परत कोण आणेल?"

गवतात शिरेपर्यंत ऊन होतं. मग तळ्यावरून धुकं आलं, आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं, आणि बघता बघता पुढच्या माणसाची पाठ तेवढी उरली. सगळीकडे तेच उंच गवत, तेच काळं पाणी, आणि कुठला आवाज कुठून येतोय तेही कळेना. वाटेची खूण म्हणून मोजणीवाल्यानं पहिल्या फेरीत लाल फडकी बांधून ठेवली होती. तो एकेक फडकं शोधत निघाला.

तासाभरानं ती चौघं चिखलातल्या पावलांपाशी पोचली. ताजी पावलं, चौघांची. शेजारी काठीची भोकं!

"ही आपलीच की!" गवंडी ओरडला.

"असं कसं? फडकी मी सरळ रेषेत बांधलीत," मोजणीवाला म्हणाला.

कासववालीनं ओठ चावला. "मीपण दुसऱ्या फेरीत लाल फडकी बांधली. बघून झालेल्या जागांना. कचेरीत तोच एक तागा होता."

"वा! शिकलेली माणसं!" थोरलीनं हात जोडले. "आता यातलं घरी नेणारं फडकं कुठलं, ते फडक्यालाच विचारा!"

मोजणीवाल्यानं रागानं पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेला! दुसरा पाय काढायला गेला तर कमरेपर्यंत! दोन्ही हातांनी त्यानं मोजणीची तिपाई उराशी धरली.

"तिपाई टाका!" गवंडी ओरडला.

"कचेरीची आहे!"

"तुम्ही बुडालात तर कचेरी काय तिपाईला पगार देणार?" थोरलीनं काठी पुढे केली. "आडवी करा ती! छाती टेका तिच्यावर! धरा काठी!"

गवंड्यानं ओढलं. कासववालीनं ओढलं. चिखलानं एकदम माणूस सोडला आणि तिघं उताणी पडली. कासववालीचा चष्मा उडाला, काळ्या पाण्यात गेला तो गेलाच.

आता पायाखालचंही हलू लागलं. कुठे जायचं? थोरली वाकली, काठीनं चाचपू लागली, आणि थबकली. चिखलात कुणीतरी पोट घासत गेल्याची गुळगुळीत घसट, दोन्ही बाजूंना नखांचे ठसे. कासवाची ही खूण कासववालीनं तिला वीस वेळा सांगितली होती. अंडी घालायला मादी कोरडी, घट्ट माती शोधते, हेही सांगितलं होतं.

चष्मा नसलेली पोरगी भलतीकडेच बघत होती. थोरली "माझ्या मागून या," एवढंच म्हणाली आणि मुद्दाम त्या घसटीवर पाय देत, ती पुसत चालू लागली.

घसट पाण्याशी वळली, गवतात हरवली, पुन्हा सापडली. चिखल घोट्यापर्यंत आला. मग पायांना माती लागली, खरी, घट्ट! चौघांनी जमिनीवर अंग टाकलं. धुकं विरळ झालं आणि थोरलीला हद्दीचा दगड दिसला. तिचाच! इतकं भटकून ती स्वतःच्याच जमिनीवर आली होती. आणि चार हातांवर एक ठिपक्यांचं कासव मागच्या पायांनी खड्ड्यावर माती ढकलत होतं. गवंडी आणि मोजणीवाला अजून डोळे मिटून धापा टाकत होते.

"आजी, तिकडे काय आहे?" कासववालीनं डोळे बारीक केले.

"धोंडा."

धोंडा थांबला आणि दम खाऊन पुन्हा माती लोटू लागला. हिच्या मागून येऊन चौघांचा जीव वाचला. थोरलीनं जन्मात कुणाचे उपकार बुडवले नव्हते, आणि आता एका कासवाचे बुडवायचे? पण घराचं काय? पोराचं काय? बरोबर कुठलं, तिला काही केल्या उमजेना. तोंड मात्र आपोआप उघडलं.

"धोंडा नाही. तुझी लाडकी बसलीय. लिही तुझ्या वहीत, आणि मला सापडली असं लिही!"

गवंड्याचा चेहरा उतरला. मग त्यानं विचारलं, "पिल्लं कधी निघतात?"

"सत्तर दिवसांनी, जर कुत्र्यांनी उकरलं नाही तर," कासववाली म्हणाली. "नंतर कचेरी पुन्हा बघेल. रस्त्याकडच्या तुकड्यावर कदाचित परवानगी मिळेल. कदाचित नाही."

"कदाचित!" थोरलीनं कपाळाला हात लावला.

कासव निघून गेल्यावर गवंडी उठला. घराच्या पायासाठी रचून ठेवलेले दगड उचलून आणून तो अंड्यांभोवती गोल मांडू लागला.

"अरे, फट ठेव! पिल्लं काय उडून जाणार?"

"मला गवंडीकाम शिकवू नकोस, आई. रोज येऊन बघायचंच आहे मला."

"रोज? आणि सोमवार?"

तो दगड बसवत राहिला. "सत्तर दिवस राखण कोण करणार? धाकटा?"

थोरलीला हसावं की रडावं कळेना. इतक्यात बांधावर एक कुत्रं नाक जमिनीला लावून हुंगत आलं. तिनं काठी उचलली आणि शिव्या देत त्याच्यामागे धावली!