टेपचं दुसरं टोक

शिवांजलीला सोमवारपासून कामावर जायचं होतं. केजमधलंच ऑफिस, घरांचे नकाशे काढायचं. डिप्लोमा झालेला होता, कॉम्प्युटर येत होता, फक्त जागा मोजायची लांब टेप तेवढी पाहिजे होती. ती आजोबांच्या ट्रंकेत आहे हे तिला माहीत होतं. म्हणून रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ती आणि तिची दोन धाकटी भावंडं आजोबांच्या, म्हणजे ईश्वरप्पांच्या, खोलीत जाऊन बसली.

ईश्वरप्पांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. त्यांनी ट्रंकेतून टेप काढली. गोल डबी, शंभर फुटी पिवळी पट्टी, टोकाला लोखंडी कडी, गुंडाळायला बाजूला बोटाएवढी दांडी. टेप मांडीवर ठेवली, पण दिली नाही.

"कुणाच्या हापिसात लागलीस म्हणलीस?"

तिनं सांगितलं, अमरसिंह साहेबांच्या.

ईश्वरप्पांनी तंबाखूची डबी मिटली. "मग ही त्याचीच हाय. न्यायची असली तर हितं कशी आली ते ऐकून ने. निम्मं माझ्या डोळ्यांसमोरचं हाय. निम्मं त्यानंच मला सांगितलं, गाडीत बसवून, काचा वर करून. कुणाला बोलू नका म्हणला होता. मी हो म्हणलं न्हवतं."

मग ते सांगायला लागले.

अमरसिंह पुण्याहून शिकून आला आणि मेडिकलच्या दुकानावरची खोली घेऊन बसला. खोलीला काच, काचेमागं एसी, भिंतीवर परदेशातल्या बंगल्यांची चित्रं. कामाला दोन पोरं, एक मुलगी. गिऱ्हाईक आलं की तो खुर्चीतून उठायचा नाही. कुणी इंजिनेर म्हटलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं, आर्किटेक्ट म्हणा, म्हणायचा. आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की पोरांना म्हणायचा, ही माणसं दाराला म्हैस बांधणारी, यांना नकाशा सरळ धरला काय न उलटा धरला काय.

काम तरी काय, तर एकच नकाशा. कुठंतरी केलेलं एक घर होतं, तेच इकडून तिकडं ओढायचं, तिकडून इकडं दाबायचं, वरचं नाव बदलायचं. कधी नाव बदलायचंही राहून जायचं. गोठा म्हटलं की तिथं 'पार्किंग' लिहायचा. आणि घराचं रंगीत चित्र काढून द्यायचा, त्यात घरापुढं नारळाची दोन झाडं, हिरवळ, आणि कुत्रं घेऊन फिरणारी एक गोरी बाई. नांदूरघाटच्या माळावर ती बाई कुठून यायची, ते त्यालाच माहीत.

नांदूरघाटला अंगदचं घर बांधायचं निघालं. अंगद ऊसतोडीचा मुकादम, हातात पैसा नवा, हौस दांडगी. त्यानं अमरसिंहाला गाठलं. गवंडीकाम ईश्वरप्पांकडं. गावाच्या कडेला केजच्या रस्त्यावर जागा, तिथंच एका पत्र्याच्या खोलीत अंगदची आई राहायची. भिवराबाई.

जागा मोजायला अमरसिंह स्वतः आला. समोरची बाजू मोजली, तीस फूट. दोन्ही बगला मोजल्या. मागच्या बाजूला बाभळीचे काटे होते आणि पायात कोरे बूट. तो लांबूनच बघून म्हणाला, समोर तीस तर मागंही तीसच. लिहून टाकलं.

महिन्यानं नकाशा घेऊन आला. गाडीच्या बॉनेटवर पसरला. अंगद, दोनचार पाहुणे, ईश्वरप्पा सगळे भोवती. भिवराबाई पदर सावरत आली आणि तिनं विचारलं, माझी खोली कुठंय.

अमरसिंहानं मागच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, बोट ठेवलं. तिथं 'स्टोअर' लिहिलेलं होतं. पाच फूट बाय चार फूट.

ती म्हणाली, यात बाज मावंल का.

तो म्हणाला, बाज कशाला, गादी टाका खाली.

म्हातारीनं आयुष्यभर कोपीत झोपून काढलेलं. कोपी म्हणजे उसाच्या फडावर पाचटाची करतात ती, पाय पोटाशी घेऊनच झोपावं लागतं. तिचं मागणं एवढंच होतं की आता घर होतंय तर पाय लांब करून झोपता आलं पाहिजे. ते तिला नकाशावर कळेना. म्हणून ती तिथंच मातीत आडवी झाली. सरळ. पाय लांब करून.

"मोज बरं मला, बाबा," म्हणाली. "तेवढी जागा दे. जास्त न्हाई मागत."

अमरसिंहानं टेप गाडीबाहेर काढली नाही. पाहुण्यांकडं बघून हसला.

"मावशी, माणसाला आडवं मोजतात ते मेल्यावर. तेव्हा बोलवा, येतो."

सगळे हसले. अंगदही हसला.

ईश्वरप्पा इथं थांबले. "मी बी हसलो," म्हणाले. "खोटं कशाला सांगू."

भिवराबाई उठली. लुगड्याची माती झटकली. दिवाळीच्या आधी गेली ती, झोपेतच, त्या पत्र्याच्या खोलीत. अमरसिंह मातीला आला नाही. साईट असली की फोन करा म्हणाला.

डिसेंबरात आखणी सुरू झाली. काटे काढले, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकली. पुढचं सगळं नकाशाप्रमाणं बसलं. मागं दोरी लावली तर चौदा इंच कमी. पुन्हा लावली. पुन्हा चौदा इंच. पलीकडं शेजाऱ्याचा बांध, आणि शेजारी आधीच भांडायला लाकूड घेऊन बसलेला. नकाशाप्रमाणं खोदलं असतं तर टिकाव त्याच्या रानात पडला असता.

ईश्वरप्पांनी रविवारी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "अप्पा, आधी तुमची दोरी तपासा. आमच्याकडं कॉम्प्युटर आहे."

पण फोन ठेवला आणि साहेबानं नकाशा पुढं ओढला. मागची बाजू आपण मोजलीच नाही हे त्यालाच एकट्याला माहीत होतं. मंगळवारी खोदाई. अंगदला कळलं तर तो चारचौघांत काय बोलेल, आणि केजच्या बाजारात ते किती दिवस पुरेल, याचा त्यानं हिशोब केला. मंगळवारी सकाळच्या आत मोजायचं, नकाशा गुपचूप बदलायचा, चौदा इंच कुठंतरी जिरवायचे. आणि हे ऑफिसातल्या पोरांनाही कळू द्यायचं नाही. म्हणून तो एकटा निघाला.

सोमवार, तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. त्या दिवशी येळवस होती, शेतात जाऊन जेवायची वेळ अमावस्या. सगळं गाव दिवसभर शेतात, भज्जी, आंबील, उंडे खाऊन दमून आलेलं आणि लवकर आडवं झालेलं. साईटवर मजूर नाही, कोणी नाही. त्यानं दिवस बघूनच निवडला होता. रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी त्यानं गाडी रस्त्याकडेला लावली. दिवे बंद केले.

अमावस्येचा अंधार. थंडी. मोबाईलचा उजेड दहा पावलांपर्यंत, पुढं काही नाही. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. ह्या रेघेत हॉल, त्या रेघेत स्वयंपाकघर. आणि कोपऱ्यात ती पाच बाय चारची चौकट.

आता टेप एकट्यानं धरता येत नाही. लांबची तर नाहीच. एक माणूस कडी धरायला लागतो, एक आकडा वाचायला. त्यानं कडी मागच्या खुंटीला अडकवली आणि डबी घेऊन दुसऱ्या टोकाला चालत गेला. ओढली, तर निसटली. परत गेला, अडकवली, आला. परत निसटली. गवंड्याला शिव्या दिल्या, खुंटीला दिल्या. तिसऱ्यांदा ओढली.

टेप ताठ झाली.

नुसती अडकली नव्हती. कुणीतरी धरली होती. हाताला कळतं ते.

त्याला वाटलं, बिभीषण. बिभीषण म्हणजे साईटचा राखणदार. येळवसला गेला नाही वाटतं, पत्र्याच्या खोलीत पडला असंल, चाहूल लागली म्हणून उठला. अमरसिंह चिडला, पण काम होत होतं.

"नीट धर," म्हणाला. "जमिनीला टेकव."

पलीकडचं टोक खाली गेलं. जमिनीला टेकलं.

अठ्ठावीस फूट दहा इंच. म्हणजे चौदा इंच कमीच. म्हाताऱ्या गवंड्याची दोरी खरी.

"सोड."

सुटली. त्यानं दांडी फिरवून गुंडाळली. पलीकडून शब्द नाही. त्याला वाटलं, गडी माणूस, साहेबापुढं काय बोलणार. बिनबोलता काम करतोय ते बरंच आहे. मग बगलेकडून मोजलं. धर म्हटलं की धरत होतं, सोड म्हटलं की सोडत होतं. त्यानं वहीत आकडे लिहिले. आणि जीव हलका झाल्यावर माणूस बोलतो तसं बोलला.

"उद्या गप बसायचं, बिभीषण. अंगदला बोललास तर कामावरून जाशील. चौदा इंच म्हातारीच्या खोलीतनं काढतो. पाचाची पावणेचार करू. तिला आता काय करायचीय खोली."

त्यानं वही मिटली.

"सोड आता."

सुटली नाही.

"सोड बे."

उलट ओढ लागली. हळू. त्याच्या हातातल्या डबीची दांडी आपोआप फिरायला लागली. कुर्र... कुर्र... टेप बाहेर चालली होती. मागच्या रेघेवरून नाही. आडवी. कोपऱ्यातल्या चौकटीकडं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव आलं.

बिभीषण.

त्यानं कानाला लावला. तिकडं पोराबाळांचा गलका, भांड्यांचा आवाज. बिभीषण म्हणत होता की साहेब, मी गावाकडं हाय, येळवसला, अंगदभाऊला सांगून आलोय. आपल्या साईटपाशी तुमची गाडी उभी दिसली म्हणून एकाचा फोन आला. साईटवर कुणी न्हाई साहेब. काय पाहिजे होतं का...

फोन खाली गेला. तो उजेड आता जमिनीवर पडला.

टेप त्याच्या पायांपासून सुटून चौकटीत गेली होती. जमिनीला लागून. पण तिची कडी जमिनीला लागलेली नव्हती. चार बोटं वर. अंधारात. हलत नव्हती.

कुणी उभं नव्हतं. कुणी बसलेलंही नव्हतं.

एवढ्या खाली कडी कोण धरील... तर आडवं पडलेलं माणूस.

त्यानं पाऊल मागं घेतलं. टेप ताणली. पाऊल पुढं घेतलं. टेप तितकीच आवळली. त्याला ती जिथं न्यायची तिथं नेत होती. चौकटीच्या रेघेपर्यंत आणलं. आणि थांबली.

मग आवाज आला. खालून. शांत. त्यात राग नव्हता. मेल्यावर मोजायला बोलवा, हे त्याचंच बोलणं, त्यालाच परत.

"आता मोज."

...

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. त्यानं वाकून बघितलं एवढंच सांगितलं. अंगठ्याखालचा आकडा वाचला. चार फूट दहा इंच. म्हातारीएवढी लांबी. आकडा वाचला आणि डबी ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग पळाला.

मंगळवारी साईटवर पहिले पोहोचले ते ईश्वरप्पा. कोपऱ्यातल्या चौकटीत टेप पडलेली. दोरीनं आखल्यासारखी सरळ. बाहेर बुटांच्या खुणा होत्या. चौकटीच्या आत एकही नव्हती, आणि फक्की कुठं पुसलेली नव्हती.

दुपारी अमरसिंहाचा पोरगा नवा नकाशा घेऊन आला. पुढचा मोठा हॉल चौदा इंचानं अरुंद केलेला, जिना बाहेर काढलेला, आणि कोपऱ्यात दहा बाय आठची खोली, खिडकीसकट. 'स्टोअर' खोडलेलं. अंगदनं विचारलं तर साहेब फोनवर म्हणाला, हवा खेळायला पाहिजे, तुम्हाला ते कळायचं नाही.

"बघा," ईश्वरप्पा म्हणाले. "चूक झाली म्हणला न्हाई. त्या म्हातारीचं नाव घेतलं न्हाई. नुसती भिंत सरकवली. एवढं भ्याला, तरी मान खाली घ्यायला तयार न्हाई. मी फोन करून म्हणलं, तुमची टेप राहिलीय. तर म्हणला, ती माझी न्हाई. मागनं गाडीत बसवून सांगितलं, ते बी ती परत आणू नये म्हणून."

धाकट्यानं पाय आखडून घेतले होते.

शिवांजलीनं विचारलं, अप्पा, तुम्ही ही टेप परत कधी वापरली का.

"न्हाई. मी हसलेला माणूस हाय." त्यांनी टेप तिच्या हातात दिली. "तू न्हेऊन दे. आजोबांनी तुमची वस्तू पाठवलीय म्हण. आणि कुणी मोज म्हणलं तर मोज, पोरी. हसू नको."

तिनं त्यांच्यासमोरच दांडी फिरवून पट्टी शेवटपर्यंत आत घेतली. कडी डबीला अडकवली. पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवी उशाशी ठेवून झोपली.

पहाटे पाचला तिची आई नीलम्मा पाणी तापवायला उठली आणि तिनं हाक मारली, ही टेप कुणी पसरलीय म्हणून.

पिशवीची चेन लावलेलीच होती. टेप शिवांजलीच्या अंथरुणाशेजारी फरशीवर होती. उशापासून पायांकडं, सरळ. डबीच्या तोंडाशी आकडा होता, चार फूट दहा इंच.